पाव, पत्ते आणि पॅक-मॅन : परक्यांनी पाहिलेल्या जपानची पार्श्वभूमी

जपानी मुलगा गेमच्या कंट्रोलरवरचं जे बटण दाबतो, त्याला तो 'बोतान' म्हणतो. शब्द पोर्तुगीज. खेळता खेळता भूक लागली की तो जो 'पान' खातो, तोही पोर्तुगीज; आपल्या पावाचा सख्खा भाऊच. कंट्रोलरवर निन्तेन्दोचं नाव असेल तर ती कंपनी मुळात पत्ते तयार करणारी, आणि जपानात पत्ते आणले तेही पोर्तुगीज खलाशांनी. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांना जपानीत आजही 'कारुता' म्हणतात, पोर्तुगीज 'कार्ता'वरून.

हे आधीच सांगायचं कारण असं, की जपानबद्दल परकी माणसं बोलायला लागली की एक गोष्ट ती धरूनच चालतात. जपान म्हणजे समुद्राने वेढलेली, आपल्यातच मग्न असलेली निराळी दुनिया आणि आपण बाहेरून डोकावणारे. त्यांचं सगळंच न्यारं! गेम खेळून जपानच्या प्रेमात पडलेला आजचा मुलगा हे बोलतो, साडेचारशे वर्षांपूर्वीचे पाद्रीही हेच लिहून गेलेत. पण या मतांचा इतिहास चाळला की दिसतं, परक्याचं मत बाहेर राहिलेलंच नाही. जपानने ते उचललं, घासूनपुसून वापरलं, कधी शाळेच्या पुस्तकात घातलं तर कधी सरकारी धोरणात. मग पुढच्या पिढीतला परका आला आणि तेच 'अस्सल जपान' म्हणून बघून गेला.

गोव्याहून निघालेला दुभाषी

पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोहोचले ते बंदुका घेऊन. जपान हा काय देश आहे याचा नीट विचार मात्र सुरू झाला मलाक्का आणि गोव्यात. सात्सुमा प्रांतातला आन्जिरो नावाचा माणूस खून करून पोर्तुगीज जहाजावर पळाला आणि मलाक्क्यात त्याची गाठ फ्रान्सिस झेवियरशी पडली. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला, आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर त्याच्यासोबत कागोशिमाला उतरला. गोव्यात ज्याच्या शवदर्शनाला लाखोंची गर्दी होते, तो हाच झेवियर.

झेवियरला जपानी येत नव्हतं. त्याचा जपान म्हणजे आन्जिरोने सांगितलेला जपान. आता ख्रिस्ती देवाला जपानीत काय म्हणायचं? आन्जिरोने सुचवलं 'दाइनिची'. हे शिंगोन या बौद्ध पंथाच्या महावैरोचन बुद्धाचं नाव. त्यामुळे झेवियर रस्त्यात उभं राहून सांगत होता ख्रिस्ताबद्दल, आणि ऐकणारे भिक्षू खूश होते की हा तर आपल्याच पंथाचा निघाला. त्यात ही माणसं गोव्याहून आलेली, म्हणजे 'तेन्जिकु'हून, बुद्धाच्या देशातून. मग शंका कशाला घ्यायची! दोनेक वर्षांनी झेवियरच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दाइनिची टाकून सरळ 'देउस' हा लॅटिन-पोर्तुगीज शब्द धरला, तर टवाळखोरांनी त्याचं 'दाइउसो' केलं. दाइउसो म्हणजे मोठी थाप.

भाषांतरात फसण्याची ही कथा पुढे जपानी गेमच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडणार होती, फक्त उलट्या दिशेने.

झेवियरच्या मागून आलेल्या पाद्र्यांनी मात्र भाषेचा प्रश्न मनावर घेतला. आलेस्सांद्रो वालिन्यानो या जेसुइट (झेवियरच्याच कॅथलिक धर्मप्रसारक पंथातल्या) अधिकाऱ्याने युरोपातून छापखाना मागवला. युरोप बघून परतणारी जपानी मुलं त्याच जहाजांवर होती आणि गोव्यात त्यांचा मुक्काम पडला. १५८८ मध्ये त्यांच्यातल्या मार्तिनो हारा या मुलाने लॅटिनमध्ये केलेलं भाषण गोव्यातच छापलं गेलं. त्या पुस्तिकेवर त्याचं आडनाव 'हारा' नाही, 'फारा' असं छापलं आहे. छपाईची चूक वाटावी अशी ही गोष्ट, पण ती चूक नाही.

छापखाना १५९० मध्ये जपानात पोहोचला. १६०३ मध्ये नागासाकीत जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापून झाला, सुमारे ३२,००० शब्दांचा. त्यात फुलाला आज म्हणतात तसं 'हाना' म्हटलेलं नाही, 'फाना' म्हटलंय. माणूस 'हितो' नाही, 'फितो'. आणि देशाचं नाव 'निफोन'. परक्या कानांनी जे ऐकलं ते रोमन लिपीत उतरवलं, त्यामुळे तेव्हाचे उच्चार कसे होते हे आज कळतं. जपानी लिपीतून ते कळलं नसतं, कारण अक्षर तेच राहिलं आणि आवाज बदलला.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो त्या पाद्र्यांनाही नव्हता. जपानी वर्णमाला म्हणून बघा: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपलीच बाराखडीची चाल आहे. संस्कृत मंत्रांची सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी ती तिकडे रुजवली. क-वर्ग, मग च-वर्गाच्या जागी स, मग त, न, आणि त्यानंतर आपल्याकडे येतो प, त्यांच्याकडे मात्र ह. का? कारण तो ह फार पूर्वी प होता, मग फ झाला आणि शेवटी ह. १६०३ चा कोश हा मधल्या मुक्कामावर काढलेला फोटो आहे. म्हणूनच 'ह' या अक्षरावर दोन बारक्या रेघा दिल्या की ब होतो आणि गोल दिला की प. युरोपीय विद्यार्थ्याला हे पाठ करावं लागतं. पहिली-दुसरीत 'प फ ब भ म' घोकलेल्याला कोडं पडतच नाही. जपानीच्या वर्गात हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते, आणि सेन्सेईंना वाटलं माझं लक्ष नाही.

याच जेसुइट पंथाचा थॉमस स्टीफन्स त्याच काळात गोव्यात मराठीतून ख्रिस्तपुराण रचत होता; ते १६१६ मध्ये छापलं. स्थानिक भाषा शिकायची, तिचं व्याकरण लिहायचं, तिच्यातूनच धर्म सांगायचा, हा एकाच पेढीचा दोन बंदरांवरचा धंदा होता. हेतू धर्मांतराचा होता यात शंका नाही. पण हेतू काहीही असो, कोश आणि व्याकरणं मागे राहिली.

लुईश फ्रोइश हा त्यातला सगळ्यात हौशी बघ्या. गोव्यात शिकलेला, १५६३ मध्ये जपानात उतरलेला आणि १५९७ मध्ये नागासाकीतच वारलेला. १५८५ मध्ये त्याने युरोप आणि जपान यांच्या चालीरीतींमधले सहाशेहून अधिक फरक जोडीजोडीने लिहून काढले. आम्ही घोड्यावर डावा पाय घालून चढतो, ते उजवा. आमचं पुस्तक जिथे संपतं तिथे त्यांचं सुरू होतं. आमच्या बायकांना लिहिता येणं ही काही मोठी गोष्ट मानत नाहीत, तिकडच्या खानदानी बाईला लिहिता आलं नाही तर कमीपणा. शेवटच्या नोंदीसारख्या ठिकाणी निरीक्षण सोन्यासारखं आहे. पण एकूण साचा एकच: ते आमच्या उलट. 'उलटा जपान' ही परक्यांची लाडकी कल्पना इथे रुजली, आणि तीनशे वर्षांनी इंग्रज पंडित बेसिल हॉल चेंबरलेन यांनी जपानवरच्या आपल्या कोशवजा ग्रंथात (१८९०) या उलटेपणाची वेगळी नोंदच करून टाकली. भाषेबद्दलही तेच: क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर, म्हणजे सगळं उलटं. कुणाच्या उलटं? 'मी भाकरी खातो' म्हणणाऱ्याला जपानी वाक्य सुलटच वाटतं. परका म्हटलं की गोरा माणूसच डोळ्यासमोर आणायचा, ही सवय या सगळ्या वाङ्मयात मुरलेली आहे.

बंद दाराला नाव कुणी दिलं

पुढे धर्मप्रसाराची धास्ती घेऊन तोकुगावा राजवटीने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं. उरलेल्या डच व्यापाऱ्यांना १६४१ मध्ये नागासाकीच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर कोंडलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मिनिटांत चालून होईल एवढंच बेट. पुढची दोनशे वर्षं युरोपला जपान दिसला तो या फटीतून.

तिथे १६९० मध्ये आलेला एंगेलबर्ट केंफर हा जर्मन डॉक्टर व्यापाऱ्यांबरोबर एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, शोगुनच्या (लष्करी राज्यकर्त्याच्या) भेटीला गेला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय: पडद्याआड शोगुन त्सुनायोशी आणि जनानखाना बसलेला, आणि याला हुकूम, चालून दाखव, नाचून दाखव, गाऊन दाखव, दारुड्याचं सोंग कर. पाहायला गेलेला माणूस स्वतःच तमाशा झाला.

केंफरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७२७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. जपानने दारं लावून घेतली हे शहाणपणाचंच, असं प्रतिपादन करणारा निबंध त्यात होता. १८०१ मध्ये शिझुकी तादाओ या नागासाकीच्या दुभाष्याने डच आवृत्तीवरून तो जपानीत आणला. निबंधाच्या लांबलचक मथळ्याचं काय करायचं, म्हणून त्याने दोन चिन्हांचा शब्द घडवला: 'साकोकु', कुलूपबंद देश. आज जपानी शाळेतलं प्रत्येक पोर इतिहासात हा शब्द शिकतं, जणू राजवटीनेच तो फतव्यात लिहिला होता. प्रत्यक्षात दार लावलं तेव्हा तो शब्दच नव्हता. जर्मन माणसाच्या मताचं भाषांतर करताना तो जन्मला, आणि परकेही तो 'जपानी संकल्पना' म्हणून परत घेऊन गेले.

पोर्तुगीज गेले पण पत्ते राहिले. जुगाराला ऊत आला की सरकार पत्ते बंद करायचं, मग कारागीर रूप पालटून नवे पत्ते काढायचे. असं करत करत आकडेच नसलेले 'हानाफुदा' आले: बारा महिन्यांची बारा फुलं-झाडं, प्रत्येकाचे चार पत्ते, एकूण ४८. मेइजी काळात बंदी उठली आणि २३ सप्टेंबर १८८९ रोजी क्योतोत फुसाजिरो यामाउचींनी हानाफुदाचं दुकान काढलं. तेच निन्तेन्दो.

सेत्सुने सांगितलेल्या गोष्टी

१८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजं आली, दार उघडलं, आणि बघ्यांची रीघ लागली. पॅरिसमध्ये जपानी छापील चित्रांचं वेड पसरलं. त्या सगळ्यावरून मी भरभर पुढे जाते, कारण मला लाफकादियो हर्नपाशी थांबायचं आहे.

हर्न १८५० मध्ये ग्रीसच्या लेफ्कादा बेटावर जन्मला. आई ग्रीक, बाप आयरिश. एक डोळा सोळाव्या वर्षीच गेला, दुसरा अधू. अमेरिकेत वार्ताहर म्हणून काम करून १८९० मध्ये तो योकोहामाला उतरला आणि मात्सुए या आडवळणाच्या गावात इंग्रजी शिकवायला लागला. तिथे कोइझुमी सेत्सुशी त्याचं लग्न झालं. ती पडत्या काळातल्या सामुराई घरातली मुलगी. १८९६ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि कोइझुमी याकुमो झाला.

हर्नला जपानी नीट वाचता येत नसे. सेत्सुला इंग्रजी येत नव्हतं. दोघांनी मिळून घरातल्या घरात एक मोडकी जपानी बनवली, विभक्तिप्रत्यय गाळलेली, क्रियापदं जशीच्या तशी ठेवलेली. 'हर्नसानची बोली' म्हणून ती जपानात प्रसिद्ध आहे. सेत्सु जुन्या बाजारातून भुताखेतांची पुस्तकं आणायची, वाचायची आणि रात्री त्याला सांगायची. दिवा बारीक केलेला. तिने पुस्तक हातात धरून वाचायला सुरुवात केली की हर्न अडवायचा: पुस्तक नको, तुझ्या शब्दांत, तुझ्या मनाने सांग. मग तो ते इंग्रजीत लिहायचा. १९०४ मध्ये 'क्वाइदान' हा भूतकथांचा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी तो वारला.

आता साखळी बघा. जुनं जपानी पुस्तक, त्यातून सेत्सुची बोली, त्यातून हर्नचं इंग्रजी, आणि मग त्या इंग्रजीचं पुन्हा जपानी भाषांतर, जे शाळेतली मुलं वाचतात. आज जपानी माणसाला कान नसलेल्या होइची या वीणावादकाची किंवा बर्फाच्या बाईची गोष्ट आठवते ती बहुतेक वेळा हर्नच्या रूपात. गेम आणि मांगामध्ये दिसणाऱ्या बर्फाच्या बाईवरही त्याचीच सावली आहे. म्हणजे गेम खेळून 'जपानी लोककथा' शोधणाऱ्या परक्याच्या हाती एका परक्याचंच लेखन लागतं. लागेना का! ते खोटं ठरत नाही. फक्त लेखक म्हणून एकट्या हर्नचं नाव छापलं गेलं ही गोष्ट मला टोचते. सेत्सुच्या वाट्याला मुख्य भूमिका यायला २०२५ उजाडलं, जपानच्या एनएचके या दूरचित्रवाणी संस्थेने तिच्यावर बेतलेली सकाळची मालिका दाखवली तेव्हा.

चेंबरलेन नेमका याच्या उलट. त्याला भाषा पक्की येत होती, 'कोजिकी' हा प्राचीन ग्रंथ त्याने १८८२ मध्ये इंग्रजीत आणला होता, तोक्योच्या विद्यापीठात जपान्यांनाच जपानी भाषाशास्त्र शिकवलं. तरी जपानी माणसाच्या मनात घर केलं ते हर्नने. प्रेमाने पाहणारा परका आणि अभ्यासाने पाहणारा परका अशा दोन खुर्च्या तेव्हापासून मांडलेल्या आहेत, आणि जपानवर बोलणारा प्रत्येक जण त्यातल्या एकीवर बसतो.

युद्धाने तिसरी खुर्ची आणली: शत्रूची. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांना सरकारने जपानी मनाचा अभ्यास करायला सांगितला. जपानला त्या कधीच गेल्या नाहीत. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांशी बोलून, सिनेमे आणि पुस्तकं पाहून त्यांनी १९४६ मध्ये ग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य संस्कृती अपराधभावाची, जपानी संस्कृती लाजेची, हा त्यातला सिद्धान्त. १९४८ मध्ये जपानी भाषांतर आलं आणि लाखो प्रती खपल्या. टीका भरपूर झाली, पण 'आम्ही लाजेच्या संस्कृतीतली माणसं' हे वाक्य जपानी माणूस स्वतःबद्दल बोलताना सहज वापरू लागला. पुन्हा तेच.

चेहरा नसलेला गेम

व्हिडिओ गेमच्या धंद्याची पाळंमुळंही अशीच मिसळलेली. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) काढणारी ताइतो कंपनी १९५३ मध्ये तोक्योत सुरू केली मायकेल कोगन या ओडेसात जन्मलेल्या ज्यू व्यापाऱ्याने. सेगा हे नाव 'सर्व्हिस गेम्स' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं. अमेरिकी लष्करी तळांवर जुगाराची यंत्रं पुरवणारा तो व्यवसाय होता. जपानी गेम उद्योगाची पायाभरणी करणाऱ्यांत बाहेरची माणसं होती, हे जपानी गेमच्या 'अस्सलपणा'वर वाद घालणाऱ्यांच्या गावीही नसतं.

आणि गेम जगभर गेले ते जपानी म्हणून नाही. १९८० चा पॅक-मॅन घ्या. नाम्को कंपनीच्या तोरु इवातानींनी तो केला तेव्हा नाव होतं 'पक-मॅन'. 'पाकुपाकु' म्हणजे आपलं गपागप. तोंडाची उघडमीट दाखवणारा अनुकरणवाचक शब्द. जपानी भाषा अशा शब्दांनी खच्चून भरलेली आहे, आपल्या मराठीसारखीच. अमेरिकेत जाताना नावातल्या पहिल्या अक्षराशी कुणी खोडसाळपणा केला तर शिवी होईल म्हणून ते बदललं, आणि गपागप हरवलं. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधल्या मिशीवाल्याला मारिओ हे नाव पडलं ते निन्तेन्दोच्या अमेरिकी गोदामाच्या मालकावरून. जपानी अभ्यासक कोइची इवाबुची यांनी अशा मालाला 'मुकोकुसेकी' म्हटलं, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेला. जपानचा वास धुऊन टाकलेला माल.

आपल्याकडे तर तो आणखी धुऊन आला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आणि घरातल्या 'टीव्ही गेम'वर जे खेळलं गेलं, ते निन्तेन्दोच्या फॅमिकॉमच्या नकलांवर. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनला आलं होतं. आपल्या हाती आली पूर्व आशियातून आलेली त्याची स्वस्त नक्कल, आणि 'लाखभर गेम' असं वर छापलेली पिवळी कॅसेट, ज्यात मोजून पाच-सहाच गेम उलटसुलट भरलेले. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. 'कॉन्ट्रा'ची ती वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ होती, तीस लाईफ मिळायच्या म्हणून. तो गेम कोनामी या जपानी कंपनीचा, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आम्ही त्याला अमेरिकन समजायचो, कारण हिरो उघड्या अंगाचे आणि पिळदार.

जपानी कॅसेटमध्ये त्याच कॉन्ट्राच्या जंगलातली झाडं हलायची आणि बर्फ पडायचं. अमेरिकेत विकलेल्या कॅसेटमधून ते वगळलं गेलं, कारण त्यासाठी लागणारी जादा चिप तिथे चालत नव्हती. परक्या खेळाडूंच्या मनात जपानबद्दल जे कुतूहल तयार झालं, त्याची सुरुवात अशा गोष्टींपासून झाली असं मला वाटतं. संस्कृती वगैरे नंतर. आधी हा संशय, की तिकडच्या मुलांना काहीतरी जास्त मिळतंय.

आणि मिळत होतंच. 'फायनल फँटसी' मालिकेचा चौथा भाग अमेरिकेत १९९१ मध्ये 'दोन' म्हणून विकला गेला आणि सहावा १९९४ मध्ये 'तीन' म्हणून, कारण मधले आलेच नव्हते. पुढे सातवा भाग १९९७ मध्ये सात या आकड्यासकट आला तेव्हा खेळणाऱ्यांना कळलं, आपल्यापासून बरंच लपून राहिलंय. सहाव्याचं भाषांतर करणारे टेड वूल्सी यांना त्यासाठी जेमतेम तीस दिवस मिळाले होते. जागेचीही अडचण. जपानीत औषधाला 'कुसुरी' म्हणतात, तीन अक्षरं, पडद्यावर तीन चौकोन. इंग्रजीत त्याच शब्दाला आठ चौकोन लागतात. (आपलं 'औषध' तीनात बसलं असतं.) शिवाय निन्तेन्दोच्या अमेरिकी शाखेचं सोवळं: क्रॉस नको, चर्च नको, मंत्राच्या नावात 'पवित्र' नको. जपानात ज्या मंत्राचं नाव 'होली' होतं तो अमेरिकेत 'पर्ल' झाला. झेवियरचा दाइनिची आठवतो ना?

काही गेममध्ये तर जपानच खोडून काढला. 'पर्सोना'च्या १९९६ च्या पहिल्या भागातल्या शाळकरी मुलांची नावं, केस, एकाचा तर वंशसुद्धा अमेरिकी आवृत्तीत बदलला. 'एस अॅटर्नी' हा वकिलांचा प्रसिद्ध गेम लॉस एंजेलिसमध्ये नेऊन ठेवला आणि नायकाच्या साथीदार मुलीला रामेनऐवजी बर्गर आवडायला लागला. पुढच्या भागांत देवळं, तांत्रिक घराणी, किमोनो येत गेले तसतशी भाषांतरकारांची पंचाईत वाढत गेली.

बिघडलेल्या भाषांतरांचा मुकुटमणी मात्र 'झिरो विंग'. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी युरोपात काढलेल्या आवृत्तीत खलनायकाच्या तोंडी जे मोडकं इंग्रजी वाक्य पडलं, त्याने २०००-०१ च्या सुमारास इंटरनेटवर धुमाकूळ घातला. सगळे हसले ते जपान्यांच्या इंग्रजीला. पण मूळ वाक्य ओबडधोबड नाही, चांगलं खोचक आहे. खलनायक म्हणतो ते मराठीत साधारण असं: 'सरकारी फौजांच्या बहुमोल सहकार्याने तुमचे सगळे तळ आम्ही प्रसादासारखे ग्रहण केले आहेत.' 'सहकार्य'ला आदरार्थी उपसर्ग लावलेला, 'घेतले' या अर्थी नम्रतेचं क्रियापद, आणि त्याच वाक्यात समोरच्याला एकेरीकडे झुकणारं 'किमिताची'. आदराच्या भाषेतून अपमान करायची ही कला पुण्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. इंग्रजीत ती उतरली नाही आणि जगाने टिंगल केली ती लेखकाची.

हळूहळू काही खेळाडूंनी ठरवलं की वाट बघत बसायचं नाही. 'फायनल फँटसी'च्या पाचव्या भागाचं इंग्रजी हौशी लोकांनी १९९७ मध्ये स्वतः केलं. २००६ मध्ये जपानात आलेला 'मदर ३' कंपनीने बाहेर आणला नाही, तर २००८ मध्ये चाहत्यांनी भाषांतर पुरं केलं. कोश मांडीवर घेऊन एकेक ओळ सोडवणारी ही मंडळी म्हणजे नागासाकीच्या त्या पाद्र्यांचे आधुनिक वंशजच म्हणायचे, धर्म तेवढा वेगळा. हे सगळं उघड्यावर आल्यावर कंपन्यांचाही सूर बदलला. 'पर्सोना ४'च्या (२००८) इंग्रजी आवृत्तीत सान, कुन, सेनपाई हे नावापुढे लावायचे जपानी शब्द तसेच ठेवले. 'याकुझा' मालिकेचा पहिला भाग इंग्रजी आवाजात विकला होता, दुसऱ्यापासून जपानी आवाज आणि खाली इंग्रजी ओळी आल्या. जो वास धुऊन माल विकला होता, तोच वास आता मालाची किंमत वाढवू लागला.

जपानी भाषा प्रवीणता परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. पुण्यात ती देणाऱ्यांची परंपरा जुनी. पूर्वी या वाटेला जाणारे मुख्यतः नोकरीसाठी जात, कारखाना, आयटी, तांत्रिक भाषांतर. आज वर्गात 'का शिकायचंय' असं विचारलं की निम्मे हात अजूनही नोकरीसाठी वर होतात, उरलेले जरा लाजत अॅनिमे आणि गेमचं नाव घेतात. ही दुसरी मुलं 'ओरे', 'बोकु', 'वाशी' यांतला फरक पहिल्याच दिवशी सांगतात. तिन्हींचा अर्थ 'मी'. पण ओरे म्हणणारा रांगडा, बोकु म्हणणारा सभ्य पोरगा आणि वाशी म्हणणारा म्हातारा. पाठ्यपुस्तकातला 'वाताशी' त्यांना मिळमिळीत वाटतो. अडचण एवढीच, की मुलाखतीला जाऊन 'ओरे' म्हटलं की काम झालं! गेममधला जपान आणि कचेरीतला जपान हे दोन वेगळे प्रांत आहेत, आणि भाषा शिकणाऱ्याला दोन्हीकडचे परवाने लागतात.

पाइपातून वर आलेले पंतप्रधान

२००२ मध्ये डग्लस मॅकग्रे या अमेरिकी पत्रकाराने लिहिलं, की जपानची अर्थव्यवस्था मंदावली असली तरी त्याचा सांस्कृतिक दबदबा वाढतोय. तोक्योतल्या सरकारी बाबूंनी तो लेख मनावर घेतला. 'कूल जपान' हे धोरण झालं, २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. साकोकुची गोष्ट पुन्हा घडली, फक्त कुलूप काढण्यासाठी. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला पंतप्रधान शिंझो आबे हिरव्या पाइपातून वर आले ते मारिओची लाल टोपी घालून. इटालियन वाटावा असा बेतलेला, अमेरिकी गोदामात नाव पडलेला हा नळवाला जपानचं राष्ट्रीय प्रतीक म्हणून उभा होता, आणि कुणालाही ते विचित्र वाटलं नाही.

आता परके नुसते खेळत नाहीत, जपान स्वतः बनवतात. १२७४ च्या मंगोल स्वारीवरचा 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) अमेरिकेत तयार झाला. त्यातला नायक हायकू रचतो, जो प्रकार त्या शतकात अस्तित्वातच नव्हता. तरी जपानात गेम आवडला, आणि त्सुशिमा शहराने त्याच्या दोघा दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमलं. वादळात पडलेली तिथल्या एका देवळाची तोरी कमान उभारायला गेमच्या चाहत्यांनी पैसे पाठवले. २०२५ च्या 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'चं मात्र तसं झालं नाही. त्याचा एक नायक यासुके, सोळाव्या शतकातल्या ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या पदरी राहिलेला आफ्रिकी माणूस. तो 'सामुराई' होता की नाही यावरून परकेच परक्यांशी भांडले, आणि गेममध्ये देवळाची मोडतोड करता येते म्हणून जपानी संसदेत प्रश्न विचारला गेला.

यासुके १५८१ मध्ये क्योतोत आला तो वालिन्यानोबरोबर, छापखाना मागवणारा तोच हा वालिन्यानो. त्या दिवसाची हकीकत उरली आहे ती फरकांची यादी करणाऱ्या फ्रोइशच्या पत्रामुळे. काळा माणूस बघायला क्योतोकरांची एवढी झुंबड उडाली, की पाद्र्यांच्या घराचं दार मोडलं आणि रेटारेटीत लोक जखमी झाले. नोबुनागाने त्याला कमरेपर्यंत उघडा केला आणि हा रंग खरा की लावलेला हे बघायला अंग घासून धुवायला लावलं. रंग गेला नाही.